अग्निपिंडविषयक ज्ञानाचा इतिहास

अग्निपिंड : उदरगुहेच्या वरच्या भागात, जठराच्या मागे आडवी पसरलेली, पिवळसर करड्या रंगाची मऊ व खंडयुक्त ग्रंथी. हिला स्वादुपिंड असेही म्हणतात. प्रौढ माणसात तिची लांबी सु. १२ ते १५ सेंमी. आणि वजन बहुधा ७० ते १०० ग्रॅ. असते. तिचे रुंद शीर्ष आद्यांत्राच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) वळणात बसलेले असते, मधला भाग महारोहिणी व मेरुदंड यांच्या पुढून डावीकडे जातो आणि निमुळते पुच्छ प्लीहेपर्यंत पोहोचते. ही एकच ग्रंथी दोन अगदी भिन्न कार्ये करते. तिच्यातील बहुतेक सर्व ऊतक (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांचा समूह) पाचक रस तयार करून तो वाहिनीवाटे आद्यांत्रात सोडते. या ऊतकात विखुरलेली सूक्ष्म कोशिकांची सु. दहा लाख बेटे मात्र आपले स्राव कोणत्याही वाहिनीशिवाय थेट रक्तात मिसळतात व रक्तातील शर्करेचे नियमन करतात. बेटांचा वाटा ग्रंथीच्या एकूण वजनात अवघा एक ते दोन टक्के असतो. दोन्ही ऊतके परस्परांत इतकी मिसळलेली आहेत की, एकाचा अभ्यास करताना दुसरे सतत आड येत राहिले. अग्निपिंडाविषयीच्या ज्ञानाचा इतिहास हा बव्हंशी या अडथळ्याचा इतिहास आहे.

प्राचीन कल्पना : यकृत, हृदय वा मूत्रपिंड यांच्या मानाने हे इंद्रिय फार उशिरा लक्षात आले. ते खोलवर, पर्युदराच्या मागे दडलेले आहे, त्याला पोकळी नाही, ठळक रंग नाही आणि मृत्यूनंतर त्यातील पाचक द्रव्ये त्याचेच ऊतक पचवू लागतात. त्यामुळे शवविच्छेदन उशिरा झाल्यास तेथे केवळ एक लिबलिबीत गोळा हाती लागतो. ॲलेक्झांड्रियाचे शारीरविज्ञ हीरॉफिलस (इ. स. पू. सु. ३३५–२८०) यांनी या ग्रंथीचे प्रथम वर्णन केले, असे सामान्यतः मानतात. ‘पॅन्क्रिअस’ हे ग्रीक नाव ‘सर्व’ व ‘मांस’ या अर्थाच्या दोन शब्दांपासून झाले असून अस्थी वा कूर्चा नसलेले निखळ मांस असा त्याचा आशय आहे. इफेससचे रूफस यांच्या लेखनामुळे (इ. स. १०० च्या सुमारास) ते रूढ झाले. गेलेन यांनी जठराच्या मागील मोठ्या रक्तवाहिन्यांना आधार देणारी गादी, असे या ग्रंथीचे प्रयोजन सांगितले. मांजरासारखे प्राणी व माणूस यांच्या उदराची रचना पाहता ही कल्पना तशी तर्कविसंगत नव्हती. तथापि गेलेन यांच्या अधिकारामुळे ती तब्बल चौदा शतके टिकून राहिली. ॲन्ड्रेअस व्हेसेलियस यांनी १५४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शारीरविषयक महाग्रंथात गेलेन यांच्या कितीतरी चुका दुरुस्त केल्या, परंतु अग्निपिंडाच्या बाबतीत त्यांनीही गादीच कायम ठेवली.

आयुर्वेदीय संहितांमध्ये या ग्रंथीची निश्चित ओळख पटत नाही. शरीरातील कोष्ठांगांच्या यादीत ‘क्लोम’ नावाचे एक अंग येते व चरकसंहितेत उदकवह स्रोतसांची मुळे म्हणून तालू आणि क्लोम यांचा निर्देश आहे. काही आधुनिक अभ्यासक क्लोम म्हणजे अग्निपिंड असे समजतात व मधुमेहातील अतितृष्णेकडे बोट दाखवितात; इतरांनी उजवे फुप्फुस, पित्ताशय किंवा घसा असे वेगवेगळे अर्थ लावले आहेत. मधुमेहाचे आजचे ज्ञान हाताशी धरून मागाहून केलेल्या या जुळवणीला शारीरिक वर्णनाचा पुरेसा आधार नाही. मधुमेह हा रोग मात्र या ग्रंथकारांना उत्तम परिचित होता. प्रमेहाचे वीस प्रकार त्यांनी सांगितले असून रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या आकृष्ट होतात, असे स्पष्ट निरीक्षण चरकसंहितेत आहे. रोग आणि ग्रंथी यांचा संबंध जुळण्यास मात्र एकोणिसाव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला. मराठीतील ‘अग्निपिंड’ या संज्ञेतील अग्नी हा पचनाचा अग्नी होय. म्हणजे या नावातही ग्रंथीचे एकच कार्य आले आहे.

वाहिनीचा शोध : गादीची कल्पना मोडण्यास कारणीभूत झालेली घटना इटलीतील पॅड्युआ येथे घडली. योहान गेऑर्ख व्हिर्झुंग (१५८९–१६४३) हे मूळचे जर्मनीतील आउग्सबुर्गचे शारीरविज्ञ तेथील विद्यापीठात विच्छेदक होते. २ मार्च १६४२ रोजी फाशी दिलेल्या एका तरुणाच्या शवाचे विच्छेदन करीत असता त्यांना ग्रंथीच्या लांबीभर गेलेली व आद्यांत्रात उघडणारी नलिका आढळली. त्यांनी कोणताही ग्रंथ लिहिला नाही. तांब्याच्या पत्र्यावर नलिकेचे चित्र कोरवून त्याचे मोजके ठसे काढले व पॅरिसचे झां रीओलां यांच्यासारख्या नामवंतांना ते पाठवून, ही रोहिणी म्हणावी की नीला, असा प्रश्न विचारला. नलिकेत आपणास रक्त कधीच दिसले नाही, गढूळ द्रव तेवढा दिसला व त्याने चांदीच्या सळईवर डाग पडला, हेही त्यांनी कळविले. रक्त नसलेल्या नलिकेला रोहिणी किंवा नीला म्हणावे की काय, हा प्रश्न आज विचित्र वाटतो. पण विल्यम हार्वी यांचा रक्ताभिसरणावरील ग्रंथ निघून तेव्हा अवघी चौदा वर्षे झाली होती आणि ग्रंथी म्हणजे स्राव वाहून नेणारी रचना हा विचार अजून रुजावयाचा होता. व्हिर्झुंग यांना उत्तर मिळाले नाही. २२ ऑगस्ट १६४३ रोजी त्यांच्या घराच्या दाराशीच एका विद्यार्थ्याने त्यांच्यावर गोळी झाडून त्यांचा खून केला. विच्छेदनाच्या वेळी उपस्थित असलेले त्यांचे शिष्य मोरिट्स होफमान यांनी पुढे असा दावा केला की, ही नलिका आपण आधीच्या वर्षी टर्की कोंबड्यात पाहिली होती व ती गुरूंना आपणच दाखविली. दाव्याची शहानिशा होऊ शकली नाही. नलिकेला नाव मात्र व्हिर्झुंग यांचेच राहिले. मूळचा ताम्रपट पॅड्युआत जपून ठेवलेला आहे.

नलिका आहे, तर तिच्यातून काय वाहते, हा पुढचा प्रश्न होता. नेदर्लंड्समधील लायडन येथे शिकत असलेल्या रेग्निअर द ग्राफ यांनी १६६४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, जिवंत कुत्र्याच्या अग्निपिंड वाहिनीत रानबदकाच्या पिसाची पोकळ नळी बसवून बाहेरच्या कुपीत रस गोळा केला. शरीरक्रियाविज्ञानातील हा एक अत्यंत कौशल्याचा प्रयोग होय. परंतु त्यांनी रस जिभेवर घेऊन तो आंबट असल्याचा निर्वाळा दिला. त्यांचे गुरू फ्रान्सिस्कस सिल्व्हियस यांच्या मते अम्लधर्मी अग्निपिंड रस व क्षारधर्मी पित्त एकत्र आल्याने आतड्यात फसफस होऊन पचन घडत असे. शिष्याच्या जिभेला गुरूच्या सिद्धांताची चव लागली, असेच म्हणावे लागते. कारण हा रस वस्तुतः स्पष्टपणे क्षारधर्मी असतो व जठरातून आलेल्या अम्लाचे उदासिनीकरण करणे हे त्याचे एक मुख्य काम आहे.

स्वित्झर्लंडमधील योहान कोनराट ब्रुनर यांनी सिल्व्हियस यांचे मत खोडून काढण्यासाठी कुत्र्यांतील अग्निपिंड कापून काढले व १६८३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्राणी जगले. त्यावरून ही ग्रंथी जीवनास आवश्यक नाही, असे त्यांनी ठरविले. एका कुत्र्याला शस्त्रक्रियेनंतर अतोनात तहान लागत होती व तो वारंवार मूत्रविसर्जन करीत होता, हे त्यांनी नमूद करून ठेवले आहे. मधुमेहाची ही लक्षणे लिहूनही त्यांचा अर्थ ब्रुनर यांना लागला नाही. त्यांच्या शस्त्रक्रियेत ग्रंथीचा थोडा भाग मागे राहत असल्याने लक्षणे टिकत नसत. संपूर्ण ग्रंथी काढली गेली असती, तर मधुमेहाचे मूळ दोनशे वर्षे आधी सापडण्याचा संभव होता.

अठराव्या शतकातील भर मुख्यतः शारीरिक तपशिलांची आहे. पित्तनलिका व अग्निपिंड वाहिनी जेथे एकत्र येऊन आद्यांत्रात उघडतात त्या उंचवट्याचे वर्णन आब्राहाम फाटर यांनी १७२० मध्ये केले. जोव्हान्नी सांतोरीनी यांनी दाखविलेली दुय्यम वाहिनी त्यांच्या मृत्यूनंतर १७७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रांमुळे सर्वपरिचित झाली. दोन वाहिन्या का, याचे उत्तर भ्रूणविज्ञानाने पुढे दिले : भ्रूणाच्या आतड्यातून पुढचा व मागचा असे दोन अंकुर फुटतात, पुढचा अंकुर आतड्याबरोबर फिरून मागच्याला येऊन मिळतो व दोन्ही एकरूप होतात. काही माणसांत वाहिन्यांचा हा संगम होत नाही. मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ मध्ये मधुमेही रोग्याच्या मूत्रात व रक्तरसात शर्करा असते, हे दाखविले. टॉमस कॉली यांना १७८८ मध्ये एका मधुमेही रोग्याच्या शवविच्छेदनात अग्निपिंडात खडे आढळले, पण दोहोंचा कार्यकारणसंबंध त्यांनी जोडला नाही.

पाचक रस : या रसाचे खरे कार्य क्लोद बेर्नार यांच्या प्रयोगांमुळे १८४६ ते १८५६ या काळात उलगडले. सशाच्या शरीरातील एका सोयीस्कर वैशिष्ट्याचा त्यांनी फायदा घेतला. माणसात व कुत्र्यात अग्निपिंड रस पित्ताच्या जवळपास आतड्यात येतो. सशात मात्र अग्निपिंड वाहिनी पित्तनलिकेच्या मुखापासून बरीच खाली उघडते. सशाला वसायुक्त अन्न देऊन त्याचे उदर उघडले असता वसा शोषल्यामुळे दुधासारख्या पांढऱ्या झालेल्या लसीका वाहिन्या पित्तनलिकेच्या मुखापासून नव्हे, तर अग्निपिंड वाहिनीच्या मुखाखालीच दिसू लागल्या. म्हणजे वसेच्या पचनास हा रस आवश्यक होता. तो वसेचे पायसीकरण करतो व तिचे वसाम्ले आणि ग्लिसरीन यांत विभाजन करतो, हे त्यांनी दाखविले. स्टार्चवरील त्याची क्रिया इतरांनी थोडी आधीच ओळखली होती व प्रथिनांवरील क्रिया ल्यूस्यां कॉर्व्हीझार यांनी १८५७ मध्ये सिद्ध केली. अन्नातील तिन्ही प्रमुख घटकांवर क्रिया करणारा असा हा एकच रस आहे. माणसात तो दिवसाकाठी एक ते दीड लिटर किंवा त्याहूनही अधिक स्रवतो.

प्रथिने पचविणारे द्रव्य ग्रंथीलाच का पचवीत नाही? रूडोल्फ हायडेनहाइन यांनी १८७५ मध्ये दाखविले की, ताज्या ग्रंथीत हे द्रव्य निष्क्रिय पूर्वगामी स्वरूपात साठविलेले असते. पुढील वर्षी व्हिल्हेल्म क्यूने यांनी सक्रिय एंझाइमाला ‘ट्रिप्सीन’ हे नाव दिले. निष्क्रिय ट्रिप्सिनोजेनाचे ट्रिप्सिनात रूपांतर घडविणारे द्रव्य आतड्याच्या अस्तरातून येते, हे १८९९ मध्ये इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत समजले. म्हणजे शस्त्र एकीकडे तयार होते आणि म्यान दुसरीकडे गेल्यावर निघते. ही व्यवस्था ग्रंथीच्या आतच बिघडली, तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. पित्ताश्मरी, अतिमद्यपान व इतर काही कारणांनी होणाऱ्या तीव्र अग्निपिंडशोथाचे (दाहयुक्त सुजेचे) मर्म हेच असून हान्स किआरी यांनी १८९६ मध्ये ते सांगितले होते. रेजिनल्ड फिट्झ यांनी बॉस्टन येथे १८८९ मध्ये या प्राणघातक रोगाचे पद्धतशीर वर्णन केल्यामुळे तो रोग्याच्या हयातीत ओळखणे शक्य झाले.

रस नेमक्या वेळी कसा स्रवतो, हा प्रश्न पाव्हलॉव्ह यांनी तंत्रिकांच्या आधारे सोडविला होता. प्राणेशा तंत्रिकेचे उद्दीपन केल्यास रस स्रवतो, हे खरेच होते. परंतु लंडन येथे विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १६ जानेवारी १९०२ रोजी कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक फास घेऊन त्याच्या सर्व तंत्रिका तोडल्या व त्यात अम्ल सोडले. तरीही अग्निपिंडातून रस वाहू लागला. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून अम्लात कुटले, गाळले आणि तो द्रव नीलेत टोचला. रस पुन्हा वाहिला. आतड्याकडून अग्निपिंडाकडे निरोप तंत्रिकेने नव्हे, तर रक्तातून गेला होता. या द्रव्याला त्यांनी ‘सिक्रेटिन’ म्हटले आणि अशा रासायनिक निरोप्यांसाठी स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये ‘हॉर्मोन’ ही संज्ञा वापरली. अंतःस्रावविज्ञानाची ही पायाभूत संज्ञा अग्निपिंडाच्या बाह्य स्रावाच्या अभ्यासातून आली, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते.

बेटांचा शोध : पाउल लांगरहान्स (१८४७–८८) यांनी १८६९ मध्ये बर्लिन विद्यापीठाला सादर केलेला प्रबंध सशाच्या अग्निपिंडाच्या सूक्ष्म रचनेविषयी होता. लेखकाचे वय तेव्हा एकवीस वर्षांचे होते. रस स्रवणाऱ्या गुच्छांच्या मधोमध, त्यांना इतरांहून भिन्न, लहान व स्वच्छ कोशिकांचे पुंजके आढळले. पुंजक्यांचे आकारमान, विखुरण व रूप यांचे त्यांनी काटेकोर वर्णन केले आणि त्यांचे कार्य आपणास माहीत नाही, असे सरळ लिहून टाकले. त्या काळच्या प्रबंधांत असा प्रांजळपणा विरळाच आढळतो. लांगरहान्स पुढे क्षयरोगामुळे मदीरा बेटावर जाऊन राहिले व १८८८ मध्ये, चाळिशीतच, वारले. बेटांना त्यांचे नाव १८९३ मध्ये फ्रेंच ऊतकविज्ञ ग्यूस्ताव्ह लागेस यांनी दिले.

लांगरहान्स यांच्या मृत्यूनंतर अवघ्या एका वर्षाने ग्रंथीचे दुसरे कार्य उघडकीस आले, तेही वसेच्या पचनाविषयीच्या एका वादातून. स्ट्रासबर्ग येथे योझेफ फोन मेरिंग व ओस्कार मिंकोव्हस्की यांना १८८९ मध्ये असा प्रश्न पडला की, अग्निपिंड नसेल तर वसेचे पचन होते की नाही. बेर्नार यांनी कुत्र्यातून ही ग्रंथी समूळ काढणे अशक्य मानले होते आणि वाहिनीत वसा वा मेण भरून ती निकामी करण्याचा मार्ग पत्करला होता. त्या मार्गाने रस देणारे ऊतक नष्ट होई, बेटे मात्र वाचत. त्यामुळे त्यांच्या कुत्र्यांना मधुमेह झाला नाही व या ग्रंथीचा त्या रोगाशी संबंध नाही, अशी त्यांची समजूत झाली. मिंकोव्हस्की यांनी कुशल शस्त्रक्रियेने संपूर्ण ग्रंथी काढली. कुत्रा जगला आणि वारंवार मूत्रविसर्जन करू लागला. मूत्रावर माश्या बसल्याचे पाहून प्रयोगशाळेतील नोकराने ही गोष्ट लक्षात आणून दिली, अशी एक आख्यायिका पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते. मिंकोव्हस्की यांनी ती खरी मानली नाही. बहुमूत्रता दिसताच शर्करेची चाचणी करावयाची, ही बेर्नहार्ट नाउनिन यांच्या रुग्णालयातील शिस्त होती आणि शोधाचे श्रेय त्या शिस्तीचे आहे. चाचणीत मूत्रात विपुल शर्करा आढळली. पुढे मिंकोव्हस्की व फ्रान्समधील एमान्युएल एडों यांनी ग्रंथीचा तुकडा त्वचेखाली प्रतिरोपित केल्यास मधुमेह टळतो व तो काढून घेताच उद्‌भवतो, हे दाखविले. आतड्याशी कोणताही संबंध नसलेला तुकडा काम करीत असल्याने ग्रंथी रक्तात काहीतरी सोडते, हा निष्कर्ष अटळ होता.

ते काहीतरी बेटांतून येते, असे लागेस यांचे अनुमान होते. त्यास दोन बाजूंनी आधार मिळाला. यूजीन ओपी यांना १९००–०१ मध्ये मधुमेही रोग्यांच्या बेटांत अपकर्ष (ऱ्हास) आढळला. रशियातील लिअनीड सोबोलेव्ह यांनी वाहिनी बांधून टाकल्यास गुच्छ सुकून जातात, बेटे टिकतात व मधुमेह होत नाही, हे १९००–०२ मध्ये सिद्ध केले. इतकेच नव्हे, तर ज्यांत गुच्छांची वाढ अपुरी असते अशा कोवळ्या वासरांच्या ग्रंथीतून हे द्रव्य काढून पाहावे, असेही सुचविले. बेल्जियमच्या झां द मेअर यांनी १९०९ मध्ये, म्हणजे द्रव्य हाती येण्याच्या एक तप आधीच, बेट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे ‘इन्शुलिन’ असे नामकरणही करून टाकले.

इन्शुलिनाची निर्मिती : नाव होते, स्थान माहीत होते, द्रव्य तेवढे मिळत नव्हते. बर्लिनचे गेऑर्ख त्स्यूल्त्सर यांनी १९०६ च्या सुमारास काही रोग्यांना अग्निपिंडाचा अर्क टोचला. गुण आला, पण ताप व इतर उपद्रवांमुळे प्रयत्न सोडावा लागला. बूखारेस्टचे नीकोलाए पाउलेस्कू यांच्या अर्कामुळे मधुमेही कुत्र्यांच्या रक्तातील शर्करा निश्चितपणे कमी होत असे. त्यांचे काम पहिल्या महायुद्धामुळे रेंगाळले व १९२१ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाले; रोग्यांवर सुरक्षितपणे वापरता येईल इतका शुद्ध अर्क मात्र त्यांना मिळाला नाही. या काळात मधुमेही मुलांसाठी वैद्यकाजवळ एकच उपाय होता : अमेरिकेचे फ्रेडरिक ॲलन यांनी पुरस्कारिलेला उपासमारीचा आहार. त्याने मूल हाडांचा सापळा होई व काही महिने, क्वचित काही वर्षे, अधिक जगे.

कॅनडातील तरुण शल्यचिकित्सक फ्रेडरिक बँटिंग यांनी ऑक्टोबर १९२० च्या अखेरीस मोझेस बॅरन यांचा एक लेख वाचला. खड्यामुळे वाहिनी बंद झालेल्या एका अग्निपिंडात गुच्छ नष्ट होऊन बेटे शाबूत राहिल्याचे त्यात वर्णन होते. अर्क काढताना पाचक रसच इन्शुलिनाचा नाश करीत असावा, तेव्हा आधी वाहिनी बांधावी, गुच्छ मरू द्यावेत आणि मग बेटांचा अर्क काढावा, अशी त्यांची कल्पना होती. सोबोलेव्ह यांच्या कामाची त्यांना माहिती नव्हती. टोराँटो विद्यापीठातील प्राध्यापक जॉन मॅक्लाउड यांनी काहीशा अनिच्छेने जागा, कुत्री व चार्ल्स बेस्ट हा बावीस वर्षांचा साहाय्यक दिला. मे १९२१ मध्ये काम सुरू झाले. उन्हाळा संपेपर्यंत बांधलेल्या ग्रंथीच्या अर्काने मधुमेही कुत्र्यांतील शर्करा उतरू लागली. गंमत अशी की, ज्या कल्पनेवर सर्व उभारणी झाली, ती अनावश्यक ठरली. ताज्या ग्रंथीत ट्रिप्सीन निष्क्रियच असते, हे हायडेनहाइन यांनी पूर्वीच दाखविले होते. वासरांच्या भ्रूणांची व नंतर खाटिकखान्यातून आणलेली गुरांची साधी ग्रंथीही थंड स्थितीत अल्कोहॉलाने उपचारिली असता इन्शुलिन देऊ लागली. वाहिनी बांधण्याची गरजच नव्हती.

टोराँटो येथील रुग्णालयात ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले अंतःक्षेपण (इंजेक्शन) देण्यात आले. त्याचे वजन अवघे सु. २९ किग्रॅ. उरले होते. शर्करा थोडी उतरली, पण सुईच्या जागी गळू झाले व उपचार थांबवावा लागला. हा अर्क अशुद्ध होता. जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप हे डिसेंबरमध्ये या गटात सामील झाले होते. अल्कोहॉलाच्या कोणत्या तीव्रतेला इन्शुलिन विरघळलेले राहते व कोणत्या तीव्रतेला ते खाली बसते, ती मर्यादा त्यांनी काही दिवसांतच शोधून काढली आणि बहुतेक अशुद्ध प्रथिने वगळली. २३ जानेवारीला त्यांचा अर्क टोचताच मुलाच्या १०० मिलि. रक्तातील शर्करा ५२० मिग्रॅ. वरून १२० मिग्रॅ. वर आली. टॉम्सन त्यानंतर तेरा वर्षे जगला व १९३५ मध्ये न्यूमोनियाने वारला. बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी एकस्वाचे (पेटंटाचे) आपापले हक्क प्रत्येकी एक डॉलर घेऊन विद्यापीठाला दिले. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लाउड यांना विभागून मिळाले. बँटिंग यांनी आपली अर्धी रक्कम बेस्ट यांना व मॅक्लाउड यांनी आपली अर्धी कॉलिप यांना देऊन समितीच्या निर्णयावरील आपापले मत व्यक्त केले. पाउलेस्कू यांचा विचार झाला नाही, ही उणीव आता बहुतेक इतिहासकार मान्य करतात. मॅक्लाउड यांचे श्रेय अनेक वर्षे कमी लेखले गेले, तेही न्याय्य नव्हते. कारण इन्शुलिन बेटांतूनच येते, याचा निर्णायक पुरावा त्यांनी दिला. काही अस्थिमत्स्यांत बेटांचे ऊतक मुख्य ग्रंथीपासून अलग, डोळ्यांना दिसेल अशा गाठीच्या रूपात असते. असे मासे मिळवून त्यांनी १९२२ मध्ये दोन्ही ऊतकांचे अर्क वेगवेगळे काढले. गाठीच्या अर्काने शर्करा उतरली, दुसऱ्याने उतरली नाही. सस्तन प्राण्यांत जे वेगळे करता येत नव्हते, ते माशात निसर्गतःच वेगळे होते.

नंतरचे संशोधन : बेटांतील कोशिका एकाच प्रकारच्या नसतात, हे मायकेल लेन यांनी १९०७ मध्येच दाखविले होते. बीटा कोशिका इन्शुलिन तयार करतात. आल्फा कोशिकांचे ग्लुकागॉन शर्करा वाढविते. अशुद्ध अर्क टोचल्यावर शर्करा उतरण्यापूर्वी क्षणभर चढते, या कोड्यातून त्याचा सुगावा लागला व १९२३ मध्ये त्याला नाव मिळाले. डेल्टा कोशिकांचे सोमॅटोस्टॅटिन या दोहोंना आवर घालते. फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनातील सर्व ५१ ॲमिनो अम्लांचा क्रम १९५५ पर्यंत निश्चित केला. अशी पूर्ण उकल झालेले हे पहिले प्रथिन होय. त्याची त्रिमितीय रचना डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने १९६९ मध्ये उलगडली व त्या गटात भारतीय स्फटिकविज्ञ एम. विजयन यांचा सहभाग होता. जननिक अभियांत्रिकीने सूक्ष्मजंतूंकडून तयार करविलेले मानवी इन्शुलिन १९८२ मध्ये वापरात आले आणि गुरे व डुकरे यांच्या ग्रंथींवरील अवलंबन संपत गेले. रस स्रवणाऱ्या कोशिकांनीही जीवविज्ञानाला मोठी देणगी दिली : कोशिकेत प्रथिन कोठे तयार होते व कोणत्या मार्गाने बाहेर पडते, हे जॉर्ज पॅलेड यांनी गिनीपिगच्या अग्निपिंडावरच शोधले व १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळविले.

कॉली यांनी पाहिलेल्या खड्यांकडे विसाव्या शतकात पुन्हा लक्ष गेले. उष्ण कटिबंधातील तरुण रोग्यांत, मद्यपान नसतानाही, वाहिनीत मोठे खडे होऊन आधी पचन व नंतर शर्करेचे नियमन बिघडते, असा विकार इंडोनेशियात १९५९ मध्ये वर्णिला गेला. केरळमध्ये पी. जे. गीवर्गीज यांनी अशा रोग्यांचा फार मोठा समूह अभ्यासला. येथे रोग रस देणाऱ्या भागात सुरू होतो, पण बेटेही त्यात सापडतात. बेटांतून निघालेले रक्त बव्हंशी आसपासच्या गुच्छांभोवतीच्या केशवाहिन्यांतून पुढे जाते, हे आता ज्ञात असल्यामुळे दोन्ही ऊतकांचे शेजार केवळ योगायोगाचे आहे, असे म्हणता येत नाही.

संपूर्ण अग्निपिंडाचे पहिले प्रतिरोपण अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डिसेंबर १९६६ मध्ये झाले. केवळ बेटेच रोग्याला द्यावीत, तर रस देणाऱ्या ऊतकाचा धोका टळतो. पण त्यासाठी दोन्ही ऊतके अलग करणे आले. मृत दात्याच्या ग्रंथीत कोलॅजनेज हे एंझाइम भरून संयोजी ऊतक सैल करतात आणि सुट्या झालेल्या बेटांना घनतेच्या फरकाने निवडून घेतात. कॅनडातील एडमंटन येथे अशा बेटांच्या प्रतिरोपणानंतर सात रोग्यांना इन्शुलिन टोचण्याची गरज उरली नाही, असे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढील काही वर्षांत त्या पद्धतीने उपचार केलेल्या बहुतेकांना थोडेफार इन्शुलिन पुन्हा घ्यावे लागले. मात्र शर्करा अचानक धोकादायकपणे उतरण्याचे प्रसंग पुष्कळ कमी झाले. कोलॅजनेज ग्रंथीच्या कानाकोपऱ्यात पोहोचविण्यासाठी व्हिर्झुंग वाहिनीचाच उपयोग करतात. निवडलेली बेटे यकृताकडे जाणाऱ्या प्रतिहारी नीलेत सोडतात. ती यकृतातील सूक्ष्म वाहिन्यांत अडकून राहतात व तेथून इन्शुलिन रक्तात सोडू लागतात.